आमचा कोरडा कापूस

कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सुरू झाल्या की वडनेरच्या रस्त्यालगतच्या बाभळी पांढऱ्या होतात. बंडीतून वर आलेला कापूस जाता जाता काट्यांना अडकतो आणि चार-दोन दिवसांत सगळ्या बाभळींना भलत्याच वेळी मोहोर आल्यासारखं दिसतं. यंदाही दिसलं. हिंगणघाटची शाळा आटोपून शनिवारी दुपारी गावी चाललो होतो, एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली होती, आणि त्या बाभळी दिसताच मला श्रीधर आठवला. दरवर्षी या दिवसांत आठवतो. जुना मित्र आठवला की लोकांचे डोळे पाणावतात म्हणे. मी मात्र सावध होतो. या माणसाने आपल्याकडून काय काय उचलून नेलं असेल, याचा मनातल्या मनात शोध सुरू होतो.

श्रीधर माझा कॉलेजातला सोबती. सत्तर सालानंतरची ती वर्षं. वर्ध्याला स्टेशनापलीकडे आम्ही एका खोलीत राहत होतो आणि एकाच स्टोव्हवर खिचडी शिजवत होतो. तो मराठी घेऊन बसला होता, मी गणित. आता तो लेखक आहे. दिवाळी अंकांत त्याचं नाव असतं, रेडिओवर कधीमधी त्याचा आवाज येतो, आणि आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई त्याचं नाव घेताना आपोआप हळू बोलतात. "सर, तुम्ही त्यांच्याबरोबर एका खोलीत राहत होता ना? कसे होते हो?" मी म्हणतो, "चांगला होता. रॉकेल संपत आलं की गावाला जायचा." बाई हसतात. त्यांना वाटतं मी थट्टा करतो.

माझा स्वभाव संशयी आहे हे मला मान्य आहे. पण तो माझा एकट्याचा नाही, तो कापसाच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाचा आहे. ज्वारी बघितली की कळते. कापसाचं तसं नाही. बंडीत वरून पांढराशुभ्र दिसतो आणि आत काय आहे ते हात घातल्याशिवाय कळत नाही. आत पिवळा पडलेला असेल, किडक्या बोंडाची कवडी असेल, वाळल्या पानांची पत्ती असेल, किंवा पाणी मारलेलं असेल. ओला कापूस जड भरतो. म्हणून खरेदी केंद्रावरचा ग्रेडर बंडीशी येतो तो बाही वर सारूनच. मालक नमस्कार करत असतो आणि ग्रेडर कोपरापर्यंत हात खुपसत असतो. लहानपणापासून मी हे बघत आलो. कुणी फार गोड बोलायला लागलं की माझा हात अजूनही बाहीकडे जातो.

एका बंडीत मात्र कोणी हात घालत नसे. ती आमची. बाबांचा कापूस कोरडा, ही गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होती. वेचणाऱ्या बायांना वजनावर मजुरी मिळते, म्हणून त्यांना भल्या पहाटे, दव असतानाच वेचायला आवडतं. बाबा त्यांना धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसवून ठेवत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानावर बोट फिरवून बघत, बोट कोरडं निघालं तरच म्हणत, "हं, चला आता." बाया कुरकुरत. "पाटील, सूर्य डोक्यावर येते न तुमची पऱ्हाटी वायते, मंग आमी वेचाव कवा?" बाबा हसून सुपारी कातरत बसत. पण बोट ओलं असेपर्यंत वावरात कोणाला शिरू देत नसत.

आणि बंडी भरायची त्यांची रीतही एकट्याचीच. कापूस लक्ष्मी, म्हणून वहाणा घालून कोणीच बंडीत चढत नाही. पण बाबा वहाणा काढत, पाय धूत, आणि मग धोतराच्या सोग्याने ते दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यांसकट पुसत. पुन्हा एकदा पुसत. मग बंडीला हात जोडून वर चढत आणि कापूस तुडवायला लागत. लहानपणी मला त्याचा फार कंटाळा येई. थोरपणी त्याचाच अभिमान वाटू लागला. वर्ध्याच्या खोलीत पोरं आपापल्या बापांच्या बढाया मारत तेव्हा मी बाबांचं हे पाय पुसणं सांगत असे. श्रीधर ऐकत असे. तो ऐकतो तेव्हा तोंड किंचित उघडं ठेवतो, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्या साली दिवाळीच्या सुटीत तो आमच्याकडे आला. त्याचं गाव सेलूकडचं हिंगणी, धरणाजवळचं, जंगलाला लागून. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. कापूस घरात येतो कसा हे त्याने बघितलं नव्हतं, म्हणून मीच त्याला हौसेने बोलावलं होतं. पहिल्या वेच्याच्या दिवशी वावरात सीतादही होतं. मायने एका पऱ्हाटीखाली सात खडे मांडले, त्यांना हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा निवद दाखवला आणि उरलेला दहीभात ओंजळीने चारी दिशांना फेकला. पहिल्या बोंडाचा कापूस ओढून त्याचा धागा पऱ्हाटीला गुंडाळला. उन्हात दह्याचा आंबूस वास, तुडवलेल्या गवताचा वास, आणि लांबवर तुरीच्या ओळीत बसलेले पोपट. श्रीधर हे सगळं बघत उभा. हातातला दहीभात खायचंही भान नाही.

"खा ना बापा," माय म्हणाली. "पाहून का पोट भरते?"

"मावशी, भात फेकते काऊन?"

"वावर नाई खात का मंग? वर्सभर तेच तं खाऊ घालते आपल्याले."

तो मान हलवून पुन्हा बघायला लागला. संध्याकाळी तो कापसाच्या खोलीत जाऊन बसला. आमची समोरची खोली या दिवसांत छतापर्यंत भरते. तिच्यात एक उबदार, सरकीच्या तेलाचा वास कोंडलेला असतो आणि आत गेलं की आवाज बंद होतो, स्वतःचं बोलणंही जवळच पडतं. मी त्याला तिथे शोधून काढलं तेव्हा तो नुसता पाठ टेकून बसला होता. काय करतो म्हटलं तर म्हणे, "काई नाई. बसलो." आता मला सांगा, काही न करता कापसात कोण बसतं? रात्रभर अंग खाजवत होता.

गावाला तर तो पहिल्या दिवसापासून खटकला. आमच्या शेजारचा डोमाजी हा गावातला बातम्यांचा ठेकेदार. त्याने मला पारावर बाजूला घेतलं. "हा पोट्टा कोन होय?"

"दोस्त हाय माह्या. कॉलेजातला."

"दोस्त हाय तं बंड्या काऊन मोजून राह्यला? काल माह्या बंडीजवय उभा राहून इचारे, ही कुठं जाते म्हने."

त्या दिवसांत सरकारी केंद्राशिवाय कापूस विकायला बंदी होती आणि कोणाकोणाच्या बंड्या अंधार पडल्यावर आंध्राच्या वाटेला लागत. डोमाजीला वाटलं पोरगा सरकारी पथकाचा आहे. दोन दिवस त्याने स्वतःची बंडी गोठ्यामागे कडब्याने झाकून ठेवली. मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत फिरलो, की श्रीधर साधा आहे, त्याला कशाचंच काही पडलेलं नाही. माझ्या आयुष्यात मी निःशंकपणे एका माणसाची हमी घेतली ती तेवढीच. सुटी संपत आली, केंद्र उघडलं, आमची पहिली बंडी भरून गेली आणि आम्ही दोघं वर्ध्याला परतलो.

पुढे परीक्षा झाल्या, मला हिंगणघाटला शाळा मिळाली, तो नागपूरला एका कचेरीत लागला. पत्रं येत होती. मग दिवाळी अंकांत त्याच्या कथा यायला लागल्या आणि मी प्रत्येक अंक विकत घेऊन बायकोला त्याचं नाव दाखवत होतो. एका दिवाळीत डोमाजी हातात अंक घेऊन आमच्या ओसरीवर आला. नागपूरला शिकणाऱ्या त्याच्या भाच्याने आणला होता. बाबा वावरात होते.

"घे," तो म्हणाला. "तुह्या दोस्तानं तुह्या बापाले छापलं."

कथा मी उभ्यानेच वाचली. एका शेतकऱ्याची होती. नाव वेगळं, गाव वेगळं, त्याला मिशाही दिल्या होत्या. हा शेतकरी गावात कोरड्या कापसासाठी नावाजलेला. बंडी भरताना पाय धुतो, सोग्याने पुसतो, पुन्हा पुसतो, बंडीला हात जोडतो, वर चढतो. आणि मग गोठ्यात कोणी नाही असं बघून, कडुनिंबाच्या डहाळ्याने कापसाच्या थरांवर पाणी मारतो. कोरड्या पायांनी ओला कापूस तुडवतो. त्याच्या बंडीत कोणी हात घालत नाही.

मिशा काढल्या तर उरत होते ते आमचे बाबा. पाय पुसणं मी सांगितलेलं, सीतादही मायचं, वास आमच्या खोलीचा. आणि पाणी? ते त्याच्या पदरचं. ज्या ताटात जेवला त्याच ताटात हा माणूस माती कालवून गेला, असं मला वाटलं, आणि ते वाटणं पुढे कितीतरी वर्षं तसंच राहिलं.

कथा गावात फिरली. वाचता येणाऱ्यांनी वाचली, न येणाऱ्यांनी डोमाजीकडून ऐकली, आणि डोमाजीने सांगताना मिशा गाळल्या. त्या मोसमात मी बाबांबरोबर केंद्रावर गेलो होतो. ग्रेडर नवा होता. आमची बंडी पुढे आली तेव्हा रांगेत कोणीतरी खाकरलं, कोणीतरी हसलं. ग्रेडरने बाही वर सारली, खांद्यापर्यंत हात घातला, आणि तरी समाधान न होऊन म्हणाला, "खाली करा." बंडी रिकामी केली. शंभर माणसांच्या देखत कापूस ताडपत्रीवर पसरला. तो कोरडा होता, अगदी तळापर्यंत. बाबा बैलांच्या वशिंडावर हात ठेवून उभे होते. परत येताना त्यांच्या नावाला लागलेला तो डाग पुसायचा कसा, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

मी नागपूरला जाऊन श्रीधरला गाठलं. त्याच्या कचेरीसमोरच्या टपरीवर चहा थंड होत होता.

"काऊन लिवलं असं?" मी म्हटलं.

"कथा हाय ते."

"पाय पुसनारा मानूस दुसरा दाखव मले साऱ्या जिल्ह्यात."

"पाय तुह्या बाबाचे घेतले," तो म्हणाला. "चुकलं माहं. पन पान्याची गोष्ट माह्या मामाची हाय. हिंगणीच्या."

मला तपास केल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. पुढच्या रविवारी मी हिंगणी गाठली. मामा भला माणूस निघाला, त्याने मला वावर हिंडून दाखवलं. सगळी केळी. बांधापासून बांधापर्यंत केळीची पानं सळसळत होती आणि पऱ्हाटी औषधालाही नव्हती. "कापूस? आमी नाई लावत बा," मामा म्हणाला, "आज्याच्या टायमापासून नाई." मी केळीचा फणा घेऊन परतलो. श्रीधर खोटं बोलला होता, तेही तोंडावर. त्यानंतर मी त्याच्या पत्रांना उत्तर दिलं नाही. तीन-चार आली, मग थांबली.

अशा माणसाला कधी कधी चुकून बरं म्हणावंसं वाटतं, हेही सांगून टाकतो. रेडिओवर त्याची एखादी गोष्ट लागते आणि तीत ओळखीचा वास येतो. सरकीचा, कडब्याचा, थंडीत पेटवलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा. तेव्हा खोलीतला स्टोव्ह आठवतो, आणि पंप मारता मारता हा एखादी ओळ म्हणून दाखवायचा ते आठवतं. पण लगेच मनात येतं, आता याने हे कोणाच्या घरातून उचललं असेल? कोणाच्या बापाला मिशा लावल्या असतील? मी रेडिओ बंद करतो. बायको म्हणते, तुम्हाला त्याची आठवण येते म्हणून बंद करता. मी म्हणतो, बॅटरी वाचवतो.

यंदा बाबांचा मोतीबिंदू सेवाग्रामला काढला. दोन्ही डोळ्यांवर हिरवं फडकं बांधून ते घरी आले आणि ऐन वेचणीत त्यांना अंगणात बाजेवर बसायची शिक्षा झाली. वावरात जायचं नाही, वाकायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही. दव वाळलं की नाही हे बायांनाच ठरवू दे म्हणाले, म्हणजे माणूस किती थकला बघा. त्या शनिवारी बाभळी बघत मी घरी पोचलो तो त्यांच्याचसाठी. रविवारी सकाळी ऊन अंगणात आलं, माय वावरात गेली, मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो. भाव, पाऊस, अपघात. ते म्हणाले, "पुरे. ते वाच."

"कोनतं?"

"श्रीधरचं. ज्याच्यापाई आपली बंडी खाली केली, ते. ठेवलं हाय ना तू?"

ठेवलं होतं. पुरावा कोणी फेकतो का? ट्रंकेत तळाशी होतं. "कायले पायजे तुमाले ते?" मी म्हटलं.

"डोये बांधले हायत, कान तं उघडे हायत ना. वाच. मंधातलं काई सोडू नको."

मी वाचलं. पाय पुसणंही वाचलं, सोडलं काही नाही. पाण्याचा भाग वाचताना मी पानातून डोकं वर काढलंच नाही. संपलं तेव्हा बाबा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. भिंतीपलीकडून डोमाजीच्या बैलांच्या घंट्या ऐकू येत होत्या.

"पाय बरोबर लिवले त्यानं," ते म्हणाले. "पन कडुनिंबाचा डहाळा नोता. डहाळ्यानं मारलं तं थेंब वरच राह्यते, दिसून पडते. हातानंच मारलं होतं."

मला कळलं होतं, तरी मी विचारलं. "कोनी मारलं होतं, बाबा?"

"कोनी म्हन्जे? म्या."

अंक माझ्या मांडीवर उघडाच होता. बाबा सावकाश बोलत राहिले, जणू कोणा तिसऱ्याचं सांगतात. "श्रीधर आला त्या साली पऱ्हाटी लाल पडली होती. वेचा हलकाच भरे. एकच साल मारलं, मंग नाई. बंडीवर उभा होतो न पाह्यतो तं गोठ्याच्या दारात हा पोट्टा. नजरानजर झाली. मले वाटलं, गेलं आता, हा सांगते तुले. तुमी दोघं जेवाले बसले, मी समोर बसलो त्याच्या तोंडाकडे पाहत. त्यानं तुह्या मायले अजून वरन मांगतलं. मंग तुमी वर्ध्याले गेले. मले वाटे, पुढच्या खेपेले तू येशीन तं तुह्या तोंडावर दिसंन. दर खेपेले पाहो मी. नाई दिसलं. किती वर्सं पाह्यलं म्या तुह्या तोंडाकडे."

एकच साल. यावर विश्वास ठेवावा की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. श्रीधरचंही ठरवलेलं नाही. मला एकट्याला न सांगता त्याने साऱ्या महाराष्ट्राला सांगितलं, हा कुठला न्याय? पण एका खोलीत, एका स्टोव्हवर, मी बाबांच्या पायांच्या बढाया मारत होतो आणि तो तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता, त्याला सगळं ठाऊक असताना. पुढे टपरीवर तो केळीवाल्या मामाला मध्ये घालून माझ्यासमोर खोटारडा ठरला, आणि ठरला तो ठरलाच. मला रडू आलं. बाबांना दिसत नव्हतं म्हणून मी ते येऊ दिलं.

"तुह्यं-त्याचं बोलनं बंद हाय," बाबा म्हणाले, "ते याच्याचपाई ना?"

"हो."

मी नेमका कुठे बसलोय ते न दिसल्याने त्यांनी जरा भलत्याच बाजूला तोंड वळवलं आणि म्हणाले, "मंग आता माह्यासंगंबी बंद करशीन का?"

डोळ्यात औषध टाकायची वेळ झाली होती. मी बाटली उचलली, हिरवं फडकं वर केलं आणि म्हटलं, "बाबा, मान मांगं करा." त्यांनी मान मागे केली आणि थेंब पडेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिले.